भावार्थ आणि मूळ वचन : ‘अत्तदीप’ या शब्दाच्या निमित्ताने

बुद्धवचनांचा मराठी भावार्थ देणाऱ्या लहान पुस्तिका आपल्या अनेक विहारांत आढळतात. पालि न शिकलेल्या उपासक-उपासिकांपर्यंत धम्म पोहोचविण्याचे मोलाचे कार्य त्यांनी केले आहे, हे आम्ही प्रारंभीच नमूद करतो. परंतु वंदनेनंतर भावार्थच वाचला जातो, तोच पाठ होतो आणि हळूहळू मूळ वचनाची जागा घेतो. म्हणून त्याची चिकित्सा करणे अगत्याचे आहे.

एकच उदाहरण घेऊ. ‘अत्त दीप भव’ ही अक्षरे आपल्या कमानींवर, फलकांवर, लग्नपत्रिकांवर दिसतात. त्यांचा अर्थ ‘स्वयंप्रकाशित व्हा’ असा सांगितला जातो. दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्तात मात्र ‘अत्तदीपा’ आणि ‘विहरथ’ असे शब्द आहेत. संबोधन आनंदांना असले, तरी ही रूपे अनेकवचनी आहेत. उपदेश संघासाठी आहे. एकवचनी ‘भव’ मराठी कानाला ‘यशस्वी भव’सारखा आशीर्वाद वाटतो. आशीर्वाद केवळ स्वीकारावयाचा असतो. ‘विहरथ’ म्हणजे असे राहा, असे जगत जा. त्यात नित्याचा आचार अभिप्रेत आहे.

आता ‘दीप’ शब्द पाहू. पालीत संस्कृतमधील ‘दीप’ व ‘द्वीप’ या दोन्ही शब्दांचे रूप ‘दीप’ असेच होते. आचार्य बुद्धघोषांनी अट्ठकथेत महासागरातील बेटाचा दृष्टान्त घेतला आहे. मध्य आशियात सापडलेल्या संस्कृत महापरिनिर्वाणसूत्रातही ‘द्वीप’ हेच रूप आहे. चिनी दीर्घागमात मात्र प्रकाशाचा अर्थ दिसतो. म्हणजे दिव्याचा अर्थ निराधार नाही; पण लगेच पुढे ‘सरण’ हा आश्रयवाचक शब्द येत असल्याने बेटाचा अर्थ आम्हांस अधिक सयुक्तिक वाटतो.

तथापि आमचा मुख्य आक्षेप दिवा की बेट, याविषयी नाही. मूळ वचनाला दुसरे अंग आहे : ‘धम्मदीप’ आणि ‘धम्मसरण’. भावार्थातून नेमके तेच गळाले. तथागतांनी लगेच पुढे हे कसे साधावयाचे, तेही सांगितले : काया, वेदना, चित्त आणि धम्म यांविषयीची स्मृती, म्हणजे चार सतिपट्ठान. हा सारा भाग वगळला की उरते ते केवळ ‘स्वतःवर विश्वास ठेवा’ एवढेच. असे वाक्य कोणत्याही व्यक्तिमत्त्व-विकासाच्या पुस्तकात शोभेल; त्यासाठी बुद्ध कशाला हवेत?

प्रसंगही ध्यानी घ्यावा. वैशालीजवळील बेळुव गावी वर्षावासात तथागत कठीण आजारातून उठले होते. संघाविषयी काही सांगितल्याविना ते जाणार नाहीत, असा आनंदांना भरवसा होता. त्यावर तथागतांनी स्पष्ट केले की आपण आचार्याची मूठ झाकून ठेवलेली नाही. आपल्यामागे संघ कोणा व्यक्तीच्या आधारे नव्हे, धम्माच्या आधारे राहावा, हा त्या उपदेशाचा रोख आहे. 1957 साली प्रकाशित झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही बुद्धांनी उत्तराधिकारी नेमला नाही, धम्मच धम्माचा उत्तराधिकारी होय, ही गोष्ट आवर्जून मांडली आहे. 6 डिसेंबर 1956 नंतर वारसाहक्काचे वाद ज्या समाजाने वारंवार पाहिले, त्याच्याच फलकांवरून ‘धम्मदीप’ गळावा, ही हानी केवळ भाषिक नव्हे.

मग भावार्थ देऊच नये काय? असे आमचे म्हणणे नाही. त्रिपिटकातीलच ‘निद्देस’ हा ग्रंथ सुत्तनिपातातील काही भागांचा अर्थ पर्यायी शब्दांनी उलगडतो. परंतु तेथे मूळ पद आधी येते, मग त्याचे पर्याय येतात. वाचक दोन्ही ताडून पाहू शकतो. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी बाबासाहेबांच्या ग्रंथाचा हिंदी अनुवाद करताना पालि आधार शोधून दिले, तेही याच निष्ठेने.

भावार्थकाराकडून आमची अपेक्षा एवढीच : मूळ वचन शेजारी छापावे, स्थळ सांगावे आणि काही वगळले असल्यास तसे लिहावे. वाचकानेही भावार्थावर थांबू नये. धम्माचा आश्रय घ्यावयाचा, तर धम्माचे शब्द आपल्या हाती असावयास हवेत.