बोटाखालची चित्रे

चित्रे पाहावीत ती चालत चालत, ही आम्हां कोल्हापूरकरांची जुनी खोड. टाऊन हॉलच्या बागेत शेंगा फोडीत हिंडावे आणि मग सावकाश संग्रहालयात शिरावे. यंदाच्या पावसाळ्यात मात्र मी शेकडो चित्रे घोंगडीत बसून पाहिली. भाच्याने मोबाईलवर एक भला थोरला संग्रह उघडून दिला. तैलरंग, जलरंग, कोळशाची रेखाटने, शिवाय कापड, वाळू, वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवून केलेली ‘मिश्र माध्यमा’तली चित्रे. पंगतीत जिलबीवरच आमटी वाढावी, तशी एकामागून एक येत होती.

मी कादंबऱ्या लिहिणारा शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. चित्रकलेतला अधिकार सांगत नाही. पण डोळे आहेत. जलरंगांना ही काच मानवते. त्यांचा जीवच मुळी कागदाच्या पांढरेपणातून येणाऱ्या उजेडात. तो काचेमागून आला तरी ती चित्रे हसतच राहतात. मिश्र माध्यमाचे मात्र हाल. सुतळीचा पीळ, लगद्याचा उंचवटा, तिरप्या उन्हात त्याची पडणारी बारीकशी सावली, सारे इस्त्री फिरवल्यासारखे सपाट! खाली ‘वाळू’ असे लिहिले होते म्हणून वाळू समजायची.

तेव्हा मला राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयाची आठवण झाली. भालजी पेंढारकरांच्या १९५२ सालच्या चित्रपटात शिवाजी झालेले तेच हे चंद्रकांत. बाबूराव पेंटरांच्या तालमीत वाढलेल्या या नटाने आपले घर आणि चित्रे हयातीतच शासनाच्या स्वाधीन केली. रंगाची कोरडी पूड कागदावर बसवून केलेली त्यांची पावडर शेडिंगची निसर्गचित्रे मी लहानपणी वडिलांचे बोट धरून पाहिली. नाक टेकेपर्यंत जवळ गेलो, तरी कुंचल्याचा फटकारा कुठे सापडेना. मागे सरलो, तो धुक्यातून झाडे उभी राहिली! हे पुढेमागे सरणे मोबाईलवर कसे व्हायचे? तिथे दोन बोटांनी चित्रच ताणायचे. आपण जागचे हलत नाही, हाच माझा त्या साऱ्या संग्रहावर आक्षेप.

पण नाक मुरडताना जीभही चावावी लागते. अबालाल रहिमान यांनी आमचा रंकाळा नि कोटितीर्थ जलरंगांत न्हाऊ घातले. १९२२ साली शाहू महाराज गेले, तेव्हा दुःखाच्या भरात अबालालांनी आपली हजारो चित्रे कोटितीर्थाच्या तळ्यात सोडली, असे जुनी माणसे सांगत आली. १९३१ साली तेही गेले. त्या बुडालेल्यांपैकी एखादे चित्र आज चार बोटांच्या काचेवर, फिके का होईना, दिसले असते, तर मी सपाटपणाची तक्रार करीत बसलो असतो काय? मुळीच नाही. रात्रभर उशाशी घेऊन निजलो असतो.

परवा वर्गात त्या संग्रहातले एक चित्र मुलांना दाखवले. मागच्या बाकावरच्या एकाने विचारले, “गुरुजी, खरं चित्र केवढं आहे ओ?” मी गडबडलो. शोधता शोधता चित्राखाली लांबी-रुंदी सापडली. मग जुनी वर्तमानपत्रे जोडून, पट्टीने मोजून, तेवढा कागद आम्ही भिंतीवर लावला. तो खिडकीपर्यंत गेला. मुले आपसूक चार पावले मागे सरली आणि त्या कोऱ्या कागदाकडे बराच वेळ पाहत उभी राहिली.