रश्दी, नेमाडे आणि न वाचलेली पुस्तकं

फेब्रुवारी २०१५ मध्ये भालचंद्र नेमाड्यांना ज्ञानपीठ जाहीर झालं. लगेच मुंबईतल्या एका कार्यक्रमात त्यांनी सलमान रश्दी आणि व्ही. एस. नायपॉल यांच्यावर तोफ डागली: हे लोक पाश्चात्त्यांना रुचेल असं लिहितात. रश्दींनी ट्विटरवर शिवी हासडली. बक्षीस घ्या आणि आभार माना, असं सुनावलं. वर शंका काढली, की या माणसाने आपली पुस्तकं वाचलीच नसावीत.

आता नेमाड्यांनी अनेक वर्षं इंग्रजी शिकवलेलं, लंडनच्या 'सोआस'मध्येही शिकवून आलेले. त्यांना रश्दी वाचणं काही अवघड नव्हतं. मग रश्दींनी 'कोसला' (१९६३) वाचली होती का, हा प्रश्नही तितकाच रास्त.

पण नेमाड्यांचा वारही नेमका नव्हता. देशीवाद हा गंभीर विचार आहे. तो 'परक्यांना खूश करता' एवढ्यावर आणला, की पुस्तक बाजूला राहतं आणि लेखकाच्या हेतूवर खटला चालतो. 'मिडनाइट्स चिल्ड्रन'मधली मुंबई आपल्याला पटते का, हे विचारलं असतं तर काही हाती लागलं असतं.

रास अल खोरला नोकरी करून रात्री मोबाइलवर मराठी वाचणाऱ्या, लिहिणाऱ्या पोरापोरींसाठी हे भांडण जुनं झालेलं नाही. आपलं लिखाण देशी की परकं, हे आपल्या पत्त्यावरून ठरणार का? अशा वादात बाजू घेणं सोपं असतं, त्याला एक ट्वीट पुरतं. कादंबरीला मात्र आठवडा लागतो. तो आधी द्या, मग खुशाल भांडा.