नारिंगी रंगाची चिंता

पिक्सारचा 'इन्साइड आउट २' हा चित्रपट २०२४ साली आला. तेरा वर्षांच्या रायलीच्या डोक्यात भावना नियंत्रणफलकापाशी बसून तिला चालवतात, ही कल्पना २०१५च्या पहिल्या भागातलीच. या वेळी केस उभे राहिलेली, नारिंगी रंगाची 'चिंता' तिथे येते आणि फलक ताब्यात घेते.

मला सर्वांत पटला तो कल्पनाराज्यातला प्रसंग. चिंता तिथल्या चित्रकारांना रात्री कामाला लावते : उद्या काय काय बिघडू शकेल, त्याची चित्रे काढा. एक झाले की दुसरे. भीती डोळ्यांसमोरच्या गोष्टीची, चिंता न घडलेल्या गोष्टीची, हा फरक पाठ्यपुस्तकात इतका स्वच्छ कुठे सापडत नाही.

तक्रार पुढची आहे. रायलीची चिंता हॉकीच्या एका शिबिराभोवती फिरते, शेवटी छातीतल्या धडधडीत फुटते आणि निवळते. असे कुणाचेही होते. सर्वव्यापी चिंताविकारात मात्र विषय एक नसतो. परीक्षा संपली की आईची तब्येत, मग घरखर्च, मग उद्याची बस. अमेरिकी निदानपुस्तिकेनुसार हे आवरता न येता किमान सहा महिने, बहुतेक दिवस चालावे लागते. अस्वस्थता, थकवा, लक्ष न लागणे, चिडचिड, स्नायूंचा ताण, झोप बिघडणे यांपैकी मोठ्यांत तीन लक्षणे लागतात, मुलांत एकही पुरते.

शिवाय असे मूल वर्गात धडधडीने लक्ष वेधत नाही. ते वही खोडून पुन्हा लिहिते, "बाई, बरोबर आहे ना?" असे चौथ्यांदा विचारते, पोट दुखते म्हणून घरी जाते. आपण त्याला गुणी म्हणतो. (मीही असाच 'गुणी' होतो.)

'आता सोड' म्हटल्यावर चिंता फलक सोडते, हेही फार सोपे केले आहे. अमेरिकेत ७ ते १७ वर्षांच्या, चिंताविकार असलेल्या ४८८ मुलांवरील चाचणीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. भीतीला पायरीपायरीने सामोरे जायला शिकवणाऱ्या विचार-वर्तन उपचाराने बारा आठवड्यांत सुमारे ६० टक्के मुले लक्षणीय सुधारली. सोबत औषध दिल्यावर ८१ टक्के. नुसत्या खोट्या गोळीने २४ टक्के. या पायऱ्या चित्रपटात कुठेच नाहीत.

तरी शेवटी चिंतेला हाकलून न देता आरामखुर्चीत चहा देऊन बसवले आहे, ते बरोबर. नववीच्या वर्गाला दाखवायचा तर कल्पनाराज्यापाशी थांबवा, आणि प्रत्येकाला आपल्या डोक्यातले एक चित्र कागदावर काढू द्या. नाव न घालता.