आंतरजालावरील सहरचना : ‘इन बी फ्लॅट २.०’ची चिकित्सा

प्रस्तावना

अनेकांच्या सहभागातून साकारलेली रचना नेमकी कोणाची, हा प्रश्न संगीतसमीक्षेला नवा नाही. बंदिश एकाची, तिचा विस्तार दुसऱ्याचा आणि संगत तिसऱ्याची, ही व्यवस्था हिंदुस्थानी संगीतात रुजलेली आहे. आंतरजालाने मात्र या प्रश्नाला वेगळे वळण दिले. परस्परांना कधीही न भेटलेल्या व्यक्तींचे वादन एकत्र आणले, तर त्यास सहरचना म्हणता येईल काय? अमेरिकन संगीतकार डॅरेन सॉलोमन यांच्या ‘इन बी फ्लॅट २.०’ (२००९) या कृतीच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कृतीचे स्वरूप

सॉलोमन यांनी लोकांकडून यूट्यूबवरील चित्रफिती मागविल्या. त्यासाठी घातलेल्या अटी मोजक्या होत्या. वादन वा गायन बी फ्लॅट मेजरमध्ये, म्हणजे पेटीच्या भाषेत काळी पाच हा षड्ज मानून बिलावल थाटाच्या स्वरांत असावे. त्यात ठेका वा निश्चित लय नसावी. स्वरवाक्यांमध्ये पुरेशी शांतता असावी. लांबी एक ते दोन मिनिटे असावी. दाट स्वरसंघात व खर्जातील वाद्ये शक्यतो टाळावीत. अशा वीस चित्रफिती एकत्र मांडण्यात आल्या. त्यांपैकी कोणत्या, किती आणि कोणत्या क्रमाने सुरू करावयाच्या, हे श्रोत्यावर सोपविले आहे.

चिकित्सा

या कल्पनेमागील प्रेरणा टेरी रायली यांच्या ‘इन सी’ (१९६४) या रचनेची आहे. तीत ५३ लहान स्वरवाक्ये असून प्रत्येक वादक प्रत्येक वाक्य हवे तितक्या वेळा वाजवून पुढे सरकतो. तेथेही कलावंताला स्वातंत्र्य आहे. परंतु दोन गोष्टी सर्वांना बांधून ठेवतात. एक म्हणजे अखंड चालणारा समान स्पंद आणि दुसरी म्हणजे सहवादकांपासून फार पुढे वा मागे न जाण्याची, पर्यायाने त्यांना सतत ऐकण्याची जबाबदारी.

‘इन बी फ्लॅट २.०’मध्ये हे दोन्ही बंध नाहीत. कोणती चित्रफीत केव्हा सुरू होईल हे अनिश्चित असल्यामुळे समान लय संभवतच नाही. म्हणूनच तिला आरंभीच वगळले आहे. ऐकण्याची प्रक्रियाही एकेरी आहे. नंतर येणारा वादक आधीच्यांना ऐकू शकतो, पण आधीचा त्याला उत्तर देऊ शकत नाही. जुगलबंदीत एकाच्या तानेने दुसऱ्याची दिशा बदलते. येथे कोणामुळेही कोणी बदलत नाही.

श्रवणानुभव निःसंशय सुखद आहे. तालाविना तरंगणाऱ्या स्वरांमुळे आलापाचा भास होतो. तथापि आलापाला बढत असते. स्वरामागून स्वर उलगडत तो कोठेतरी पोहोचतो. येथे कोठूनही आरंभ आणि कोठेही शेवट शक्य असल्याने बढतीला अवकाश उरत नाही. विसंवाद टळतो, तो वादकांनी साधलेल्या मेळामुळे नव्हे, तर अटींनी त्याची शक्यताच जवळजवळ संपविल्यामुळे. ज्या संवादात मतभेदाला जागा नाही, त्यास संवाद म्हणणे कठीण आहे.

उलटपक्षी, ही मर्यादा सॉलोमन यांनी ओळखली होती, हे त्यांच्या अटींवरूनच दिसते. माध्यमाची उणीव त्यांनी लपविली नाही. तिलाच रचनेचे तत्त्व केले. श्रोत्याला निवडीचा अधिकार देऊन त्यास निर्मितीत ओढून घेतले, हे या कृतीचे मोठे श्रेय होय.

निष्कर्ष

या कृतीत वादकांनी सामग्री दिली, श्रोत्याने मांडणी केली. रचना मात्र अटी ठरविणाऱ्याची राहिली. तिला ‘सहभागी निर्मिती’ म्हणणे उचित ठरेल, ‘सहरचना’ म्हणणे नव्हे. सहभागींची संख्या हा सहरचनेचा निकष नसून, एकाच्या स्वराने दुसऱ्याचा स्वर बदलण्याची शक्यता हा तो निकष आहे. आंतरजालावरील सामूहिक संगीताचे मूल्यमापन याच कसोटीवर व्हावयास हवे.