गाणं बदलतं, चित्र तेच

अहिराणी गाणं आज यूट्यूबवर जगतं. ‘बबल्या इकस केसावर फुगे’ किंवा ‘हाई झुमका वाली पोर’ जळगाव-धुळ्याची वेस ओलांडून राज्यभर वाजलं ते तिथूनच. पण प्रत्येक गाण्याला शूटिंगचा खर्च झेपत नाही. लग्नसराईतले रिमिक्स, कानबाई नि आखाजी या सणांची गाणी यांच्यासाठी सोपी वाट असते: मध्ये डीजेच्या नावाचा गोल लोगो आणि त्याभोवती ठोक्यासरशी उसळणाऱ्या पट्ट्या. मोबाइलवर एवी प्लेयरसारख्या ॲपमध्ये तयार टेम्प्लेट उघडायचं, गाणं घालायचं, नाव बदलायचं, झालं. आवाजाचं चित्र काढण्याची कला खान्देशात सगळ्यांत जास्त दिसते ती या रूपात, आणि तिची कलेत गणना कुणीच करत नाही. मी करतो, म्हणूनच माझी तक्रार आहे.

तक्रार अशी की, गाणं बदललं तरी चित्र बदलत नाही. त्या पट्ट्या म्हणजे खर्जापासून टिपेपर्यंत आवाजाचे पाडलेले भाग. रिमिक्समध्ये बेसचं राज्य असतं, त्यामुळे खर्जाच्या पट्ट्या उड्या मारतात आणि लोगो फुगतो. गाणाऱ्या बाईचा आवाज, सनई आणि बॅन्जो मधल्या त्याच चार पट्ट्यांत दाटीवाटीने कोंबले जातात. कोण कधी बोललं, हे डोळ्यांना कळतच नाही.

आवाजाची खरी लहर या पट्ट्यांहून वेगळी असते. १८५७ साली पॅरिसमध्ये लेओं स्कॉट यांनी काजळी धरलेल्या कागदावर आवाजाची रेघ उमटवली. ती ऐकण्यासाठी नव्हती, फक्त पाहण्यासाठी होती. त्यांची १८६० सालची एक रेघ २००८ मध्ये संगणकाने वाचून वाजवून दाखवली. १८९७ मध्ये ब्राउन यांची नळी आली, तिच्यावर विजेची लहर प्रत्यक्ष हलताना दिसू लागली. आपल्याकडच्या सायबर कॅफेंत ही रेघ पोचली ती विनॲम्पमुळे. १९९७ सालच्या त्या प्लेयरच्या कोपऱ्यातली एवढीशी खिडकी, क्लिक केलं की पट्ट्यांऐवजी रेघ. २००१ साली आलेल्या मिल्कड्रॉप या त्याच्या प्लगइनने त्या रेघेचे रंगीत भोवरे केले. देखणे होते, पण त्यात आवाज नुसता कच्चा माल झाला.

या क्षेत्रातलं सगळ्यांत नेकीचं काम मला दिसतं ते जुन्या संगणकी खेळांच्या संगीतात. १९८२ च्या कमोडोर ६४ या संगणकातल्या सिड या चिपला तीनच आवाज होते. आज त्या संगीताची चित्रफीत करणारे पडद्यावर तीन खिडक्या मांडतात आणि प्रत्येक आवाजाला स्वतःची रेघ देतात. एक चौकोनी पायऱ्यांची, एक करवतीच्या दातांसारखी, तिसरी नुसती खरखर. एक आवाज थांबला की त्याची रेघ सपाट पडते, आणि संगीत न शिकलेल्या माणसालाही रचना उलगडत जाते.

ही रेघ स्थिर ठेवणं सोपं नाही. सीडीच्या दर्जाच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० नोंदी असतात. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राच्या वाट्याला ७३५ येतात. दोनशे कंपनांच्या स्वराची एवढ्यात सव्वातीनाहून थोडी जास्त आवर्तनं होतात. म्हणजे पुढचं चित्र लहरीच्या भलत्याच जागेवर सुरू होतं आणि रेघ नुसती थरथरते. साधी सॉफ्टवेअर लहर शून्यावरून वर जाते ती जागा पकडतात. गुंतागुंतीच्या स्वरात अशा जागा अनेक, म्हणून ती चुकतात. मोफत मिळणारं कॉरस्कोप मागच्या चित्राशी ताडून सर्वांत जुळणारी जागा शोधतं. त्याला आवाज मात्र सुटे द्यावे लागतात, दर वाद्याची वेगळी फाइल.

आणि इथेच आपल्या डीजेंच्या हातात भांडवल आहे. अनेकांचा रिमिक्स एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये जमतो. त्यात प्रत्येक ट्रॅक वेगळा निर्यात होतो, व्हिज्युअलायझरही त्यातच बसवलेला असतो. ढोल, सिंथ, गाणारीचा आवाज अशा तीन रेघा मांडायला एक संध्याकाळ पुरते. ज्याने ट्रॅक रचला त्याचं कसब लोकांना दिसण्याची ही एकमेव जागा असताना ती लोगोला दिली जाते, याचं मला वाईट वाटतं.

अडचण आणखी एक आहे. असा एखादा रिमिक्स ऑडॅसिटी या ध्वनिसंपादकात उघडून पाहा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत निळा पट्टा, वरखाली सपाट कापलेला. जोर वाढवता वाढवता लहरीचे माथेच गेलेले. त्याच्या शेजारी कुणाच्या घरी मोबाइलवर टिपलेलं कानबाईचं गाणं ठेवा. टाळीचा सुळका, मग श्वासाएवढी मोकळी जागा, मग बायकांच्या आवाजाचा फुगवटा. चित्र म्हणून हेच अधिक भरीव आहे.

पण हे गाणं एकाच फाइलमध्ये अडकलेलं असतं. गाण्यातून आवाज सुटे करणारी स्प्लीटर, डेमक्स ही मोफत साधनं आता आहेत, स्प्लीटर २०१९ पासून. डेमक्सचे नेहमीचे कप्पे चार: गळा, ड्रम, बेस आणि इतर. खान्देशच्या गाण्यावर ते चालवलं की सनई, बॅन्जो आणि पावरी तिन्ही ‘इतर’ मध्ये जातात. या वाद्यांचे सुटे नमुने घेऊन चौथा कप्पा फोडण्याचं काम जळगाव-धुळ्यातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने हाती घ्यावं, वाजवणारे त्याच गावात राहतात.