भग्न वास्तूंची कंपन-परीक्षा : सामर्थ्य आणि मर्यादा

प्राचीन दगडविटांच्या भग्न वास्तूंची सुरक्षितता अजमावण्यासाठी कंपन-परीक्षेचा अवलंब आता वाढत्या प्रमाणात होत आहे. वारा, रहदारी आणि भूमीची सूक्ष्म हालचाल यांमुळे वास्तूत सतत उठणारी मंद कंपने त्वरणमापकांनी टिपावयाची आणि त्यांवरून तिची स्वाभाविक कंप्रता काढावयाची, अशी ही पद्धती आहे. वास्तूस छिद्र पाडावे लागत नाही, हा तिचा मोठाच गुण होय. तथापि कंप्रतेचा आकडा हाती आला म्हणजे सुरक्षिततेचा निवाडा झाला, ही समजूत तपासून घेणे अगत्याचे आहे.

कंप्रता ही दृढता व वस्तुमान यांच्या गुणोत्तराच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलते. वस्तुमान कायम असता कंप्रता १० टक्क्यांनी उतरली, तर दृढता सुमारे १९ टक्क्यांनी घटली असा निष्कर्ष निघतो. परंतु दृढता म्हणजे सामर्थ्य नव्हे. इटलीतील पाव्हिया येथील मध्ययुगीन मनोरा १७ मार्च १९८९ रोजी भूकंपावाचून कोसळला आणि चार जण मृत्युमुखी पडले. शतकानुशतके वाहिलेल्या भारानेच बांधकाम आतून जर्जर झाले होते, असे पुढील अभ्यासांतून दिसून आले. भार सोसण्याची शक्ती किती उरली आहे, हे एकदाच मोजलेली कंप्रता सांगू शकत नाही.

सुट्या उभ्या स्तंभांच्या बाबतीत ही अडचण अधिकच तीव्र होते. अथेन्समधील ऑलिंपियन झ्यूसच्या मंदिराचे १५ स्तंभ आज उभे आहेत. सोळावा १८५२ च्या वादळात पडला व त्याचे शिलाखंड तेथेच ओळीने पडून आहेत. असा स्तंभ प्रबळ धक्क्याने वाकत नाही, तर डोलतो. डोलणाऱ्या ठोकळ्याला एकच ठराविक कंप्रता नसते, ती डोलण्याच्या विस्तारानुसार बदलते, हे हाउसनर यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले. मंद कंपनांत मोजलेला आकडा भूकंपातील वर्तनास लागू करणे म्हणूनच सयुक्तिक ठरत नाही.

याचा अर्थ ही परीक्षा व्यर्थ आहे असा मात्र नव्हे. तिचे खरे मोल कालांतराने केलेल्या तुलनेत आहे. २०१२ च्या भूकंपांनंतर मांतुआ येथील गाब्बिया मनोऱ्यावर अखंड निरीक्षण ठेवले गेले, तेव्हा तापमान वाढले की कंप्रताही वाढते असे आढळले. ऋतुमानाचा हा परिणाम वजा केल्यावाचून खरी हानी ओळखता येत नाही.

आकड्याचा चुकीचा अर्थ लावल्यास एक तर सुस्थित अवशेषात लोखंड व काँक्रीट नाहक घुसडले जाते, नाहीतर धोकादायक भिंतीखाली माणसे निर्धास्त वावरतात. कल, सांधे, पाया व भूमिती यांच्या पाहणीशी जोडलेली कंपन-परीक्षा हा पुरावा होय. एकटी कंप्रता हा निकाल नव्हे.