मागच्या गाडीत बसलेला प्रेक्षक

मंडळी, गुन्हेगारपटातला पाठलाग आम्हालाही आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढे संशयिताची मोटार, मागे पोलिसांची, मध्ये दोन-तीन वाहनांचं अंतर. आता बघा, कॅमेरा बहुतेक वेळा मागच्या गाडीत असतो. आपणही तिथंच जाऊन बसतो. एकदा तिथं बसलं, की पुढचा माणूस गुन्हेगार आहे का, हा प्रश्न आपण विचारत नाही. तिकीट काढलं तेव्हाच त्याचं उत्तर आपल्याला मिळालेलं असतं.

न्यायदर्शनात सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यांत संशय तिसरा आणि निर्णय नववा. मधली वाट दृष्टांत, अवयव, तर्क अशी लांबलचक आहे. संशयाचं जुनं उदाहरण म्हणजे अंधुक उजेडात दूर काहीतरी उभं दिसतं. ते झाडाचं खोड आहे की माणूस? दिवेलागणीला तुळजापूरच्या रस्त्यानं चाललेल्या माणसाला हे उदाहरण समजावून सांगावं लागत नाही. तिथं पुराव्याशिवाय ‘माणूसच’ असं ठरवून टाकणं, याला नैयायिक निर्णय म्हणत नाहीत.

विल्यम फ्रिडकिनचा ‘द फ्रेंच कनेक्शन’ (1971) पुष्कळांना त्यातल्या मोटारीच्या शर्यतीसाठी आठवतो. आम्हाला त्याचा आरंभ जास्त मोलाचा वाटतो. डॉयल हा न्यूयॉर्कचा पोलीस. नाइटक्लबात एक माणूस पैसे उधळताना त्याला दिसतो. पुरावा काहीही नाही, नुसता वास! तेवढ्यावर तो आणि त्याचा जोडीदार रात्रभर त्या माणसाच्या गाडीमागे फिरतात. पुढे केंद्र सरकारचे अधिकारीही सोबत येतात. त्यांतल्या मलडेरिगचा डॉयलवर राग आहे, कारण डॉयलच्या अशाच एका खात्रीपायी पूर्वी एका पोलिसाचा जीव गेलेला, असं त्याचं म्हणणं. शेवटी पडक्या इमारतीत डॉयलला एक सावली दिसते आणि तो गोळ्या झाडतो. मरतो तो मलडेरिग. खोड की माणूस, एवढंही नाही. माणूस होता, पण कोणता? आणि डॉयल क्षणभर थबकतही नाही, तसाच पुढे अंधारात शिरतो. प्रेक्षकाला दोन तास मागच्या गाडीत बसवून फ्रिडकिननं शेवटी त्याच गाडीतला माणूस मारून दाखवला. अशी हिंमत आपल्याकडच्या चकमकपटांत क्वचितच दिसते.

अनुराग कश्यपचा ‘ब्लॅक फ्रायडे’ मात्र वेगळा आहे. 12 मार्च 1993 च्या मुंबईतल्या स्फोटांत 257 माणसं गेली. तपासाला धागा मिळाला तो वरळीला सोडून दिलेल्या एका मारुती व्हॅनचा. तिच्या नोंदणीवरून पोलीस माहीमला मेमनांच्या घरी पोचले. चित्रपटातला गाजलेला पाठलाग मात्र पायी आहे. झोपडपट्टीतून पळणारा दमतो, मागचे पोलीसही दमतात, धापा टाकत थांबतात, पुन्हा पळतात. रुबाब कुणाचाच राहत नाही. संशयितांच्या घरच्यांना ठाण्यात आणून काय केलं जातं, तेही हा चित्रपट दाखवतो. इथवर तो आमच्या मते उत्तम आहे.

पण 2004 मध्ये तयार झालेला हा चित्रपट लोकांपुढे आला 9 फेब्रुवारी 2007 ला. का? खटल्यातल्या आरोपींनी उच्च न्यायालयात हरकत घेतली: निकाल लागायचा आहे आणि हा चित्रपट आम्हाला आधीच दोषी ठरवतो. टाडा न्यायालयानं सप्टेंबर 2006 पासून निकाल सांगायला सुरुवात केली, त्यानंतरच पडदा उघडला. कलावंताची गळचेपी झाली असं पुष्कळांचं मत. आम्हाला ती हरकत या चित्रपटावरची सर्वांत नेमकी समीक्षा वाटते. खरी नावं घेऊन, आरोपींचं म्हणणं न्यायाधीशानं तोलण्याआधी, तिसऱ्या पदार्थावरून थेट नवव्यावर उडी मारली होती. कलेचा दर्जा चांगला असला की ही उडी जास्तच पटते, हेच तर अवघड आहे.

आता आपल्या भागाकडे या. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ लातूरजवळच्या धनेगावचं. 1982 पर्यंत लातूर आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, म्हणजे पुस्तक घरचंच. तिथं कुणी कुणाच्या मागे गाडी लावत नाही. पोलीस थेट झोपडीत शिरतात, उचकपाचक करतात, मारतात. 1871 च्या कायद्यानं अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या. 1952 ला तो रद्द झाला, परंतु पोलिसाच्या डोक्यातली यादी राहिलीच. पाठलाग करायला निदान संशय तरी यावा लागतो. इथं जन्माबरोबरच सगळं ठरलेलं. गायकवाड लिहितात ते झोपडीच्या आतून, दारावर लाथ बसते त्या बाजूनं. म्हणून ते वाचताना आपल्याला मागच्या गाडीत बसायला जागाच मिळत नाही. आमच्या वर्गात पारधी वस्तीवरचा एखादा मुलगा असे, तेव्हा या पुस्तकावर बोलताना बाकीची मुलं खाली बघत.

पुस्तकाची प्रत टेबलावर ठेवली आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी न्यावं, वाचून परत करावं. आता प्रश्न असतील तर घेऊ.